बॉनेट उडतं तेव्हा दुसरी कडी काय करत असते?

हायवेवर धावणाऱ्या गाडीचं बॉनेट एकदम उघडून पुढच्या काचेवर आदळतं, असे डॅशकॅमचे व्हिडिओ तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिले असतील. त्याखालची कमेंटही ठरलेली असते: "लॉक नीट लागलं नसेल." हे बरोबर आहे, पण अर्धंच. बॉनेटला कड्या दोन असतात. पहिली निसटली तर धरून ठेवायचं काम दुसरीचं. म्हणजे बॉनेट उडालं याचा अर्थ दोन गोष्टी बिघडल्या होत्या, आणि त्यातली एक कदाचित कित्येक महिन्यांपासून बिघडलेली होती, फक्त कुणाला पत्ता नव्हता. मला रस आहे तो या दुसऱ्या कडीत.

माझं एम.एस्सी. भौतिकशास्त्रात झालंय आणि सध्याचं काम पातळ पत्र्यांच्या कंपनांवर चालू आहे. बॉनेट हा माझ्या प्रबंधाचा विषय नाही. पण "रिसर्च प्रॉब्लेम म्हणजे नेमकं काय असतं" असं विचारणाऱ्या ज्युनिअर्सना मी हल्ली हेच उदाहरण देते. यात हवेचं गणित आहे, यंत्रणा आहे, धातूचा थकवा आहे, संभाव्यता आहे. शिवाय खऱ्या बिघाडांचे कागद सगळ्यांना वाचायला मोकळे आहेत. पेट नियम किंवा नेटच्या तयारीतून डोकं वर काढून अर्धा तास द्यायला हरकत नाही.

आधी यंत्रणा बघू

बॉनेटच्या आतल्या बाजूला, पुढच्या कडेजवळ, यू आकाराची एक जाड सळई असते. तिला स्ट्रायकर म्हणतात. आपल्या दाराच्या कडी-कोयंड्यातला हा कोयंडा. बॉनेट खाली आदळलं की ही सळई रेडिएटरच्या वरच्या आडव्या पट्टीवर बसवलेल्या लॅचमध्ये शिरते. तिथे एक फिरता पंजा असतो. सळईच्या धक्क्याने तो फिरतो आणि सळईला कवेत घेतो. मग एक खिट्टी स्प्रिंगच्या जोराने त्याच्या खाचेत बसते आणि पंजाला परत फिरू देत नाही. ही पहिली कडी. स्टिअरिंगखालचा खटका ओढला की केबलने ती खिट्टी मागे सरकते, पंजा सुटतो आणि बॉनेट बोटभर वर येतं.

बोटभरच वर येतं, कारण तिथे दुसरी कडी असते. हा साधारणपणे स्प्रिंग लावलेला एक आकडा असतो. बॉनेटच्या फटीत बोटं घालून तो बाजूला सरकवल्याशिवाय बॉनेट पुढे उघडत नाही. फटीत चाचपडून तो सापडेना म्हणून वैतागलेले लोक तुम्ही पेट्रोल पंपावर पाहिलेच असतील. हा वैताग मुद्दाम ठेवलेला आहे. दुसरी कडी केबलने उघडत नाही, त्यामुळे चालकाने चुकून खटका ओढला किंवा केबल कुठेतरी अडकून ताणलेली राहिली, तरी ती जागची हलत नाही.

अमेरिकेत यासाठी एफएमव्हीएसएस ११३ नावाचा नियम १९६९ पासून लागू आहे. हा नियम संशोधनाच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचावा, कारण तो अगदी छोटा आहे. प्रत्येक बॉनेटला लॅच हवा. आणि जे बॉनेट पुढून उघडतं आणि उघडल्यावर चालकाची समोरची नजर अडवतं, त्याला दुसरा लॅच किंवा त्याच लॅचमध्ये दुसरा टप्पा हवा. मूळ अटी एवढ्याच. दुसऱ्या कडीने किती न्यूटन बल सहन करावं, धूळ आणि गंज खाऊन दहा वर्षांनी ती चालते का, याची कुठलीही चाचणी त्यात सांगितलेली नाही. "असावी" म्हटलंय, "चालावी" याबद्दल शब्द नाही. माझ्या मते पुढच्या बऱ्याच भानगडींचं मूळ इथे आहे.

हवा किती जोराने उचलते?

सॉफ्टवेअर उघडण्याआधी पाठकोऱ्या कागदावर हे गणित करा. सीएफडी शिकलेली मुलं थेट मेश बनवायला बसतात आणि तीन आठवड्यांनी आलेला आकडा बरोबर की चूक हे त्यांना कळत नाही, कारण अंदाजच बांधलेला नसतो.

हवेचा गतिज दाब म्हणजे अर्धा गुणिले घनता गुणिले वेगाचा वर्ग. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेच्या सपाट भागातली कारची मर्यादा घेऊ: ताशी १०० किमी, म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. हवेची घनता १.२ धरली तर दाब येतो सुमारे ४६० पास्कल. बॉनेटचं क्षेत्रफळ दीड चौरस मीटर धरू, लांबी १ मीटर आणि वजन १५ किलो. हे मध्यम आकाराच्या गाडीच्या स्टीलच्या बॉनेटचे ढोबळ आकडे आहेत.

आता दाब कुठे कसा असतो ते बघा. गाडीच्या नाकावर हवा थांबते, तिथे दाब जास्त. तिथून ती बॉनेटच्या पुढच्या कडेवरून वळून वर जाते तेव्हा वेग वाढतो, दाब पडतो आणि पत्रा वर ओढला जातो. काचेच्या पायथ्याशी हवा पुन्हा अडते, तिथे दाब वाढतो. केबिनमध्ये ताजी हवा घ्यायच्या जाळ्या तिथे असतात त्या यामुळेच. म्हणजे वरून बॉनेटच्या पुढच्या भागाला ओढ आणि मागच्या भागाला दाब. खालून मात्र रेडिएटरमधून आलेली हवा इंजिनच्या खोलीत साठून वर ढकलत असते. पहिली कडी निसटून बॉनेट बोटभर उघडलं असेल, तर त्या फटीतून आणखी हवा आत घुसते. हे सगळं मिळून खालच्या आणि वरच्या दाबातला फरक गतिज दाबाच्या सरासरी निम्मा आहे असं धरू. हा माझा अंदाज आहे, गाडीगणिक तो बदलेल.

मग १०० च्या वेगाला वर उचलणारं बल: ४६० च्या निम्मे गुणिले १.५, म्हणजे साधारण ३४५ न्यूटन. बॉनेटचं वजन १४७ न्यूटन. दुपटीहून जास्त! दोन्ही बलं बॉनेटच्या मध्यावर धरली तर ती समान होतात ताशी ६५ किमीला. त्याखाली बॉनेट स्वतःच्या वजनाने पडून राहतं, फार तर खडखडतं. गावात गाडी चालवताना काहीच होत नाही आणि हायवेला लागलं की बॉनेट उडतं, ते यामुळे.

पेट्रोल वाचवायचं म्हणून तेच बॉनेट ॲल्युमिनियमचं केलं आणि वजन ८ किलोवर आणलं, तर हाच वेग ताशी ४८ च्या आसपास येतो. गाडी हलकी केल्याबद्दल सगळे कौतुक करतात, पण लॅचवरची जबाबदारी वाढली हे कुणी बोलत नाही.

यापुढचा भाग जास्त वाईट आहे. बॉनेट थोडं उचललं गेलं की ते शिडासारखं होतं. जितकं उघडेल तितकी जास्त हवा त्याच्या पोटात भरते, आणि वजनाची बिजागरीभोवतीची मोमेंट मात्र कमी होत जाते. पॉझिटिव्ह फीडबॅक. सरळ उभ्या झालेल्या पत्र्यावरचं बल गतिज दाबाच्या १.२ पट धरलं तर ते ८३० न्यूटन होतं, म्हणजे ८५ किलोचा माणूस त्यावर रेलावा तसं. सुरुवातीला निव्वळ मोमेंट १०० न्यूटन-मीटर, उभं होईपर्यंत ४०० च्या पुढे. मध्ये कुठेतरी २०० हा जपून धरलेला आकडा घ्या. जडत्व आघूर्ण एक-तृतीयांश गुणिले वस्तुमान गुणिले लांबीचा वर्ग, म्हणजे ५. कोनीय त्वरण ४०. साधारण १२० अंश फिरून काचेवर पोचायला लागणारा वेळ: ०.३२ सेकंद.

एवढ्या वेळात गाडी ९ मीटर पुढे जाते. चालकाची प्रतिक्रिया सुरू व्हायलाच सेकंदभर लागतो. "बॉनेट हलताना दिसलं की ब्रेक मारायचा" हा सल्ला किती निरुपयोगी आहे ते इथे दिसतं. ऊर्जा मोजली तर सुमारे ४२० जूल, म्हणजे हेच बॉनेट पावणेतीन-तीन मीटरवरून खाली टाकावं एवढी. पुढची काच तडकते आणि छपराची कड चेपते ती याच ऊर्जेने.

मग बिजागरीने का नाही थांबवलं?

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो: मागे मजबूत बिजागऱ्या आहेत ना, मग त्या बॉनेटला साठ अंशावर अडवत का नाहीत? उत्तर तरफेच्या नियमात आहे. बॉनेट एक मीटर लांब आणि बिजागरीचा अटकाव तिच्या पिनेपासून समजा ५ सेंटीमीटरवर. वाऱ्याची ३०० न्यूटन-मीटर मोमेंट तिथे तोलायची तर ६,००० न्यूटन लागतात. दोन बिजागऱ्यांत वाटले तरी प्रत्येकीवर ३०० किलोचा भार. हा नुसता स्थिर हिशोब झाला, आदळण्याचा धक्का वेगळाच. दाबून काढलेल्या पत्र्याची बिजागरी तिथे वाकते किंवा बोल्टच्या भोवतीचा पत्रा फाटतो. ती जाड करता येईल, पण मग तोच जाड लोखंडी गोळा अपघातात पादचाऱ्याच्या डोक्याखाली येतो.

बिजागरीची रचनाही दिसते तितकी साधी नाही. दाराला असते तशी एका पिनेची बिजागरी बॉनेटला पुरते, पण नेहमीच नाही. बॉनेटची मागची कड काचेच्या पायथ्याशी वायपरजवळ लपलेली असते आणि दोन्ही बाजूंना फेंडर. एका पिनेभोवती फिरवलं तर उघडताना मागची कड मागे-खाली जाऊन काचेखालच्या पट्टीला घासू शकते. म्हणून बऱ्याच गाड्यांत चार दांड्यांची बिजागरी असते. थिअरी ऑफ मशीन्समध्ये शिकलेलं फोर-बार लिंकेज ते हेच. तिचा क्षणिक फिरण्याचा केंद्रबिंदू कुठल्याच पिनेवर नसतो. तो हवेत, गाडीच्या पत्र्याबाहेरसुद्धा असू शकतो आणि बॉनेट उघडताना सरकत जातो. त्यामुळे मागची कड आधी थोडी वर-पुढे येते आणि मग बॉनेट फिरतं. ग्रॅशॉफची अट पाठ करणाऱ्यांनी एकदा कुणाच्या तरी गाडीचं बॉनेट उघडून या दांड्या बघाव्यात. पाठांतराची गरज उरणार नाही.

त्याहून मूलगामी प्रश्न: बिजागरीच पुढे लावली तर? बॉनेट मागून उघडेल आणि निसटलं तरी वारा ते खाली दाबूनच ठेवेल. हे करून झालंय. साबच्या ९९ आणि ९००, ऐंशीच्या दशकातली बीएमडब्ल्यूची ई-३०, फियाट १२४ आणि तिच्यावरून बनलेली रशियन लाडा, कॉर्व्हेटची चौथी पिढी, त्याआधी जॅग्वार ई-टाइप. या सगळ्यांची बॉनेटं नाकापाशी बिजागरी असलेली. वर सांगितलेल्या अमेरिकी नियमातली दुसऱ्या कडीची अट फक्त पुढून उघडणाऱ्या बॉनेटसाठी आहे, तेही उगाच नाही.

तरी ही पद्धत मागे पडली. पुढची बिजागरी अपघातात सगळ्यात आधी चुरगळणाऱ्या भागात येते, त्यामुळे किरकोळ ठोकरीनेही ती वाकते आणि बॉनेट उघडेनासं होतं. समोरून जोराची धडक बसली तर बॉनेट मागे काचेकडे सरकतं. तिथे त्याला धरायला बिजागरी नसून लॅच असतो, तो सुटला की पत्र्याची कड थेट काचेत. अमेरिकेचा आणखी एक नियम, एफएमव्हीएसएस २१९, धडकेत गाडीचे भाग काचेच्या ठरावीक भागात घुसण्यावर मर्यादा घालतो. मागे बिजागरी असलेल्या बॉनेटच्या आतल्या पत्र्यात मुद्दाम कमकुवत रेघा ठेवतात. धडकेत ते मधोमध उलट्या व्ही सारखं दुमडतं आणि मागची कड बिजागऱ्यांपाशी अडकून राहते. शिवाय मेकॅनिकला समोर उभं राहून काम करायचं असतं, हे कारण वाटतं त्यापेक्षा मोठं आहे. थोडक्यात, धडकेतली सुरक्षितता आणि वाऱ्यातली सुरक्षितता यांचा सौदा झाला. धडक जिंकली. वाऱ्याचा भार सगळा कड्यांवर आला.

हल्ली या सौद्यात तिसरा माणूस आलाय: पादचारी. २०१२ च्या व्होल्वो व्ही-४० मध्ये बंपरमधल्या सेन्सरला पाय आदळल्याचं कळलं की बिजागरीतली पिन ओढली जाते, बॉनेटची मागची कड उचलली जाते आणि खालून एअरबॅग फुगते. डोकं थेट इंजिनवर आदळू नये म्हणून ही जागा करायची. म्हणजे जी बिजागरी ताशी १०० ला हलता कामा नये, तिनेच पादचारी धडकताच स्वतःहून सुटायचं! यावर डिझाइनच्या अंगाने करण्यासारखं खूप काम आहे, पण मी कड्यांकडे परत जाते.

रिकॉलचे कागद कसे वाचायचे

अमेरिकेची एनएचटीएसए ही संस्था प्रत्येक रिकॉलचा अहवाल जाहीर करते. त्याला ५७३ रिपोर्ट म्हणतात. कुठला भाग, बिघाड काय, कारण काय, कंपनीला कधी काय कळलं याचा घटनाक्रम, आणि उपाय, असं सगळं त्यात असतं. कंपनीनेच लिहिलेला असल्यामुळे तो सावध भाषेत असतो, पण जर्नल पेपरपेक्षा प्रामाणिक वाटावा असा. आपल्याकडे २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने सरकारला रिकॉलचा आदेश द्यायचा अधिकार दिला. अभ्यासाला मात्र हे अमेरिकी कागद सोयीचे पडतात.

डिसेंबर २०२१ मध्ये होंडाने अमेरिकेत पासपोर्ट, पायलट आणि रिजलाइन या मॉडेल्सच्या सुमारे ७ लाख २५ हजार गाड्या बोलावल्या. कड्या ठीक होत्या. बॉनेटची पुढची कड आणि ग्रिल यांच्यात राहिलेल्या फटीमुळे हायवेच्या वेगाला बॉनेट थरथरायचं, आणि त्या थरथरीने स्ट्रायकरला फटीगचा तडा जाऊन तो बॉनेटपासून सुटू शकत होता. कोयंडाच निखळला तर दोन्ही कड्या जागेवर असून धरणार काय?

हे माझ्या आवडीचं क्षेत्र, म्हणून थोडं थांबते. समजा बॉनेट सेकंदाला १० वेळा थरथरतं. मग १० लाख आवर्तनं व्हायला २८ तास पुरतात. ताशी १०० ने म्हणजे २,८०० किमी. वर्षभरात कुणीही करेल. वेल्ड केलेल्या सांध्याचं फटीग आयुष्य ढोबळमानाने ताणाच्या तिसऱ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतं, आणि हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. दोन्ही जोडले तर आयुष्य वेगाच्या सहाव्या घाताने घटतं. ताशी ८० ऐवजी १०० ने चालवलं तर ते जवळपास पाव उरतं. यात कितीतरी गोष्टी सोडल्या आहेत, अनुनाद तर धरलेलाच नाही, पण एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत एकीचा स्ट्रायकर का तुटावा आणि दुसरीचा का नाही, याचा अंदाज एवढ्यावर येतो.

दुसरं उदाहरण निसान अल्टिमाचं. इथे भानगड थेट दुसऱ्या कडीची. तिच्यावरचा रंग कालांतराने सोलतो, उघड्या धातूला गंज चढतो, त्यात धूळ मिसळते आणि आकडा उघड्या स्थितीतच अडकून राहतो. बॉनेट बंद करताना काहीच वेगळं जाणवत नाही, कारण पहिली कडी नेहमीसारखी "खट्" वाजते. २०१४ पासून टप्प्याटप्प्याने रिकॉल झाले, आणि २०२० मध्ये २०१३ ते २०१८ च्या सुमारे १८ लाख गाड्यांसाठी पुन्हा रिकॉल काढावा लागला. आधी बोलावलेल्या गाड्याही त्यात होत्या. २०२२ मध्ये त्याच कंपनीच्या पाथफाइंडरच्या ३ लाख २२ हजारांहून जास्त गाड्या लॅचवर साठणाऱ्या धूळ-मातीमुळेच बोलावल्या गेल्या.

टेस्लाने २०२१ च्या डिसेंबरमध्ये मॉडेल एसच्या १ लाख १९ हजार गाड्या बोलावल्या. पुढच्या डिकीचा लॅच किंचित सरकून बसला होता आणि त्यामुळे दुसरी कडी लागण्यात अडथळा येऊ शकत होता. २०२४ मध्ये साडेअठरा लाख गाड्यांचा रिकॉल झाला, तो वेगळ्याच कारणाने: बॉनेट उघडं राहिलं तरी गाडीला ते कळत नव्हतं. उपाय म्हणून सॉफ्टवेअर अपडेट पाठवलं, जेणेकरून बॉनेट उघडं असल्याची सूचना चालकाला मिळावी.

हे सगळे कागद एकत्र ठेवले की प्रश्नाचा आकार दिसायला लागतो. आपण शिकतो की दोन स्वतंत्र गोष्टी एकाच वेळी बिघडण्याची शक्यता म्हणजे दोन्ही शक्यतांचा गुणाकार, म्हणून दोन कड्या म्हणजे डबल सुरक्षा. पण या दोन कड्या स्वतंत्र कुठे आहेत? दोघी ग्रिलच्या मागे, त्याच धुळीत, त्याच पावसात, बर्फाच्या देशांत त्याच मिठाच्या पाण्यात असतात. कधी कधी दोघी एकाच स्ट्रायकरवर अवलंबून असतात. विश्वासार्हतेच्या शास्त्रात याला कॉमन कॉज फेल्युअर म्हणतात. गुणाकार करण्याआधी "स्वतंत्र" या शब्दाची खात्री करा, एवढं एक वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. पहिली कडी रोज काम करते, ती बिघडली की लगेच कळतं. दुसरी नुसती बसून असते. तिचा बिघाड सुप्त असतो. नुसतं उदाहरण म्हणून समजा की अशी कडी सरासरी २० वर्षांत एकदा अडकते. वर्षातून एकदा तपासून दुरुस्त केली, तर कुठल्याही क्षणी ती अडकलेली असण्याची शक्यता सुमारे अडीच टक्के. दहा वर्षं कुणी बघितलंच नाही, तर दहाव्या वर्षी ती ३९ टक्के. कडी तीच, गंज तोच. फरक फक्त कुणीतरी बघण्याचा.

आणि बघणं कमी झालंय. पूर्वी गाडीत पाणी, ऑइल बघायला दर आठवड्याला बॉनेट उघडायचे, तेव्हा दुसरी कडी आपोआप तपासली जायची. आता गाड्या इतक्या बऱ्या झाल्या आहेत की सर्व्हिसिंगशिवाय बॉनेट उघडायची वेळ येत नाही. सर्व्हिसिंगमध्ये उघडलं तर ते उघडणारा माणूस घाईत असतो, आणि बॉनेट वीस-तीस सेंटीमीटरवरून सोडण्याऐवजी हाताने हलकेच टेकवलं तर पहिली कडी अर्धवटच लागते. पहिल्या कडीवर वाईट दिवस येतो तो बहुतेक बॉनेट उघडून झाल्यावरच. त्याच दिवशी दुसरीने काम करायला हवं असतं.

यातून संशोधनाचे प्रश्न कसे निघतात ते पाहा. "बॉनेट का उडतं?" हा चांगला प्रश्न आहे, पण त्यावर प्रबंध लिहिता येत नाही. "धूळ आणि गंज यांच्या एकत्रित परिणामाने दुसऱ्या कडीच्या सांध्यातलं घर्षण किती आवर्तनांनंतर स्प्रिंगच्या बलापुढे जातं?" यावर लिहिता येतो. त्याला रिग लागते, मीठ-फवाऱ्याची पेटी लागते, मोजता येणारी एक संख्या मिळते. "बॉनेट बंद करतानाच्या आवाजावरून किंवा कंपनावरून दुसरी कडी लागली की नाही हे ओळखता येईल का?" हा माझ्या लॅबच्या जवळचा प्रश्न आहे. आणखी एक: स्ट्रायकर दोन्ही कड्यांसाठी वेगवेगळे केले तर वजन, खर्च आणि जोडणीतली तफावत किती वाढते? यातला कुठलाही प्रश्न घ्या, आधी पाठकोऱ्या कागदावर अंदाज मांडा आणि तो घेऊनच गाइडकडे जा.

चालत्या गाडीचं बॉनेट खरंच उडालं तर स्टिअरिंग सरळ धरायचं, करकचून ब्रेक न मारता वेग कमी करायचा, हॅझर्ड लाइट लावायचे आणि कडेला यायचं. बॉनेट आणि काचेचा पायथा यांच्यातल्या फटीतून बऱ्याचदा थोडा रस्ता दिसतो, नाही तर बाजूच्या काचेतून बघायचं. पुढे गाडी चालवायची नाही, दोरीने बांधूनही नाही.

आणि दुसरी कडी तपासायला दहा सेकंद लागतात. गाडी बंद असताना आतला खटका ओढा. बॉनेट बोटभर वर आलं की फटीतल्या आकड्याला हात न लावता ते वर ओढून बघा. उघडलं नाही तर ठीक. मग आकडा बाजूला सारून सोडून द्या, आणि तो स्प्रिंगने चटकन जागेवर येतो की रेंगाळतो ते बघा. रेंगाळत असेल किंवा बॉनेट नुसतंच वर आलं, तर हायवेला न लागता आधी गॅरेज.